तिरक्या स्कूटरची दोन दारं

आमच्या फोरमच्या पत्त्याआधी तीन डब्ल्यू लावायचे की नाही, यावरून मी आणि दिगंबर जंगम तीस वर्षं भांडलो. भांडण मिटायच्या आधीच दिगंबर गेला. समोरचा गडी मैदान सोडून गेला म्हणजे मी, उल्हास कणसे, जिंकलो असं धरायला हरकत नव्हती. पण तसं एकदाही वाटलं नाही.

फोरमचं नाव 'तिरकी स्कूटर'. ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक स्कूटर चालवली आहे त्यांना हे नाव समजावून सांगावं लागत नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी ती बया चालूच व्हायची नाही. मग तिला एका अंगाला कलती करायची, क्षणभर तशीच धरायची, सरळ करून दणकून किक मारायची. शेजारीपाजारी खिडकीतून मजा बघायचे. २००७ साली साताऱ्यात पोवई नाक्याजवळ दिगंबरचं स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि मी पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवत होतो. माझ्या स्कूटरची क्लच वायर सारखी तुटायची, त्यामुळे त्या दुकानात माझी उठबस होती. तिथेच चहा पिता पिता आम्ही ठरवलं की स्कूटरवेड्यांसाठी मराठीत गप्पांचं एक ठिकाण काढायचं. बघता बघता अकोल्यापासून दुबईपर्यंतची माणसं जमली. 'प्लग काळा पडतोय, काय करू?' इथून गप्पा सुरू व्हायच्या आणि कुणाच्या तरी मुलीच्या लग्नापर्यंत जायच्या.

भांडण पहिल्याच आठवड्यात लागलं. दिगंबरनं मला न विचारता गठ्ठाभर स्टिकर छापून आणले, आणि त्यावर पत्ता घातला तो डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू लावून.

"अरे, हे तीन डब्ल्यू आता कुणी लावत नाही," मी म्हटलं. "नुसतं तिरकीस्कूटर डॉट इन पुरतं."

"पत्ता म्हणजे पूर्ण पत्ता," दिगंबर म्हणाला. "आणि स्टिकर छापून झालेत आता."

"मग असं करतो. कुणी डब्ल्यू लावून आला की त्याला आपोआप बिनडब्ल्यूच्या पत्त्यावर पाठवतो. दोन ओळींचं काम आहे."

"माझ्या दारातनं आलेल्या गिऱ्हाइकाला तू मागच्या दाराला पिटाळणार व्हय रं? हात मोडीन!"

शेवटी तह झाला. दोन्ही पत्ते चालू ठेवायचे, कुणी कुणाचं दार बंद करायचं नाही. सभासदांनाही या भांडणाची भारी गोडी लागली. डब्ल्यूचं ते 'पुढचं दार', बिनडब्ल्यूचं ते 'मागचं दार'. नवा सभासद आला की त्यानं आधी आपलं दार सांगायचं, मग स्कूटर. एका दारानं आत आलेल्या माणसाला दुसरं दार ओळखत नसे, तिथे पुन्हा नाव आणि पासवर्ड द्यावा लागे, म्हणून जो तो आपापल्या दाराला धरून राहायचा. आणि दिगंबरनं आपल्या प्रत्येक मजकुराखाली कायमची एक ओळ टाकून ठेवली होती: 'उल्हास कणसे डब्ल्यू खातो. आपापले डब्ल्यू सांभाळा.'

हा पोरखेळ वाटेल, पण यंत्राच्या लेखी ती मोठीच चूक होती. डब्ल्यूसकट पत्ता आणि डब्ल्यूविना पत्ता माणसाला एकच वाटतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी ठिकाणं दिसतात, योगायोगानं एकसारखा मजकूर असलेली. शोधयंत्रं एखाद्या ठिकाणाची पत ठरवायची ती तिकडे बोट दाखवणारी माणसं किती, यावरून. आमच्याकडे बोट दाखवणारे पुष्कळ होते, पण निम्मे पुढच्या दाराकडे दाखवत आणि निम्मे मागच्या. पत वाटली गेली, आणि आमच्यानंतर निघालेली दुसरी फोरम्स शोधात आमच्या वर दिसू लागली. याला उपाय एकच, बदली. म्हणजे एका पत्त्यावर आलेल्याला दुसऱ्यावर पाठवणं. सरकारी नोकरीसारखी तिच्यातही कायमची आणि तात्पुरती असते. कायमची केली की यंत्र पहिल्या पत्त्याची सगळी पत उचलून दुसऱ्याच्या नावावर करतं. हे मी दिगंबरला दर महिन्याला सांगायचो आणि तो दर महिन्याला चहा मागवायचा.

मग बोलकर आला, नव्या पिढीचं शोधयंत्र. त्याचं खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण आपल्या लोकांनी त्याला आडनाव देऊन टाकलं. जुनी शोधयंत्रं विचारलं की पत्त्यांची यादी द्यायची. बोलकर एकेका माणसाचं फोरमवरचं सगळं लिखाण वाचतो. कुठल्या प्रश्नाला हा कसं उत्तर देतो, कुठे चिडतो, कुठे विषय बदलतो, कुठला शब्द याच्या तोंडी आधी येतो, हे सगळं आकड्यांत मांडतो, आणि तुम्ही नवं काही विचारलंत की त्या माणसाच्या ढंगात, त्याच्या आवाजात उत्तर देतो. माणूस त्याला कळलेला नसतो, कळलेली असते ती फक्त त्याची बोलायची तऱ्हा. गेलेल्या माणसासाठी घरच्यांची परवानगी लागते. दिगंबर गेल्यावर वर्षभरानं त्याच्या बायकोनं, मंदावहिनींनी, ती दिली. आवाज मिळाला तो दिगंबरनं फोरमवर टाकलेल्या व्हिडिओंमधून.

मी त्या दिगंबरशी एकदाच बोललो. म्हटलं, "दिग्या, ते डब्ल्यू आता काढून टाकू का?" तो म्हणाला, "तुला योग्य वाटेल तसं कर." मी यंत्र बंद केलं आणि पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. हे दिगंबरचं उत्तर नव्हतंच. त्यानं मला निदान एक शिवी तरी दिली असती.

गेल्या वर्षी, म्हणजे २०४१च्या दिवाळीआधी, बोलकरकडून नोटीस आली. जी ठिकाणं दोन पत्त्यांवर आहेत त्यांनी एक मुख्य पत्ता ठरवून दुसऱ्याची कायमची बदली करावी. दिवाळीपर्यंत न केल्यास दोन्हीकडचे आवाज बंद होतील. केल्यास दोन्हीकडचं लिखाण एकत्र वाचलं जाईल, पण बोलण्याची तऱ्हा मुख्य पत्त्याची राहील. खाली आमच्या फोरमवरच्या आवाजांची यादी होती, आणि तिच्यात दिगंबर जंगम हे नाव दोनदा होतं.

कारण शोधायला मला वेळ लागला नाही. बोलकर माणूस ओळखतो तो नाव आणि पत्ता यांच्या जोडीवरून. ज्या दारानं आत शिरतो त्याच दाराच्या दुव्यांवरून तो पुढे चालत जातो, आणि एखादं पान दोन्हीकडे दिसलं तर एक ठेवून दुसरं नक्कल म्हणून टाकून देतो. दिगंबरला खोड होती, प्रत्येक उत्तराखाली 'हेही वाचा' म्हणून स्वतःच्याच जुन्या उत्तरांचे दुवे चिकटवायचा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो पुढच्या दारानं यायचा, म्हणून दुकानात लिहिलेल्याची साखळी डब्ल्यूची. घरचा कॉम्प्युटर मी लावून दिला होता, तिथे अर्थातच मागचं दार, म्हणून घरी लिहिलेल्याची साखळी बिनडब्ल्यूची. आमच्या तहामुळे बोलकरकडे दुकानातला दिगंबर वेगळा आणि घरातला वेगळा, अशी दोन माणसं तयार झाली होती.

मला खरं तर आनंदच झाला. बिनडब्ल्यूचा पत्ता मुख्य करायचा, विषय संपला. केवळ रीत म्हणून वहिनींना विचारायला गेलो.

मंदावहिनी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाहूपुरीतल्या घरात एकट्या राहतात. गेलो तेव्हा त्या स्वयंपाकघरात घेवडा निवडत होत्या आणि ओट्यावर ठेवलेल्या टॅबशी बोलत होत्या.

"अहो, घेवड्याला कूट घालू की नुसता परतू?"

"तुला सोपं पडेल ते कर, मंदा," दिगंबरचा आवाज आला. मऊ, खालच्या पट्टीतला.

"बसा भावजी," वहिनी मला म्हणाल्या. "आमचं रोज सकाळी असं चालतं. हे आधीही एवढंच बोलायचे, त्यामुळे काही बदलल्यासारखं वाटत नाही."

मी नोटिशीचं सांगितलं. दुसऱ्या दारात आणखी एक दिगंबर आहे, तो आता यात मिळवून टाकू, असंही सांगितलं. वहिनींनी मान हलवली. मग म्हणाल्या, "शलाकालाही विचारा. नाहीतर मला न विचारता केलंत म्हणेल."

शलाका ही त्यांची मुलगी. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून तिनं कराडला गॅरेज टाकलं होतं, जुन्या स्कूटरींना बॅटरी आणि मोटर बसवून देते. बाप-लेकीत त्यावरून बराच काळ अबोला होता, आणि आईकडेही तिचं येणं सणावारापुरतंच. वहिनींसमोरच मी तिला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काका, डब्ल्यूवाल्याला हात लावायचा नाही!" ती एकदम म्हणाली. "माझ्या डिकीवर बाबांचा स्टिकर आहे अजून. त्याच पत्त्यावर जाऊन मी रोज त्यांच्याशी भांडते."

"कुणाशी भांडतेस?" वहिनींनी विचारलं.

"आई? तू आहेस का तिथे? थांब, ऐकवते." तिनं बहुधा आपला फोन दुसऱ्या यंत्राजवळ नेला. "बाबा, ही पेट्रोलवाली स्कूटर गरम झाली की बंद पडतेय."

"मग तिला पंख्याखाली बसव आणि सरबत पाज!" दिगंबर ओरडला. दुकानातला, गल्ला वाजवत बोलणारा दिगंबर. "अगं शहाणे, कार्ब्युरेटरचा जेट साफ केलास का? हातात पाना धरलायस की कालथा? तुझ्यापेक्षा तो कणसे बरा, निदान डब्ल्यू तरी खातो!" आणि तो हसला. ते हसू मी चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हे हसतायत?" त्यांनी विचारलं.

"बाबा असेच हसायचे की," शलाका म्हणाली.

"घरी नाही," वहिनी म्हणाल्या.

मग शलाकानंच विचारलं, "तुझ्याकडचे बाबा कसे बोलतात गं?" वहिनींनी टॅब फोनजवळ सरकवला. शलाका अडखळली. मग म्हणाली, "बाबा, मी शलाका. मी गॅरेज टाकलं ते... तुम्हाला कसं वाटलं?"

"पोरीचा हात माझ्याहून हलका आहे," मऊ आवाज म्हणाला, समोर ती नसून फोरमवरचं कुणी असल्यासारखा. "ती इंजिन उघडते तेव्हा मी तिच्याकडेच बघत बसतो. पण तोंडावर सांगवत नाही. सांगायला गेलो की वाद होतात."

पलीकडून फोन बंद झाला. मीही फार थांबलो नाही.

शलाका त्याच रविवारी साताऱ्याला आली. मला वाटलं होतं, आई घरातल्या दिगंबरला धरून बसेल आणि मुलगी दुकानातल्याला, आणि मी मध्ये सापडेन. झालं भलतंच. मधल्या दिवसांत दोघींनी एकमेकींच्या दारानं ये-जा केली होती, आणि आता प्रत्येकीला दुसरीचा दिगंबर हवा होता.

"मागचं दार मुख्य करा, काका," शलाका म्हणाली. "दुकानातला ओरडा मी आयुष्यभर खाल्लाय. मला ते असं मऊ बोलताना ऐकायचंय."

"अजिबात नाही," वहिनी म्हणाल्या. "पुढचं दार."

"आई, तुला ते मोठ्यानं बोललेलं आवडत नाही!"

"कोण म्हणालं?"

"मला लहानपणापासून माहितीये. घरात शिरताना बाबा चपलांबरोबर आवाजही बाहेर काढून ठेवायचे. मलाही तेच सांगायचे, हळू बोल, आई आत आहे."

वहिनी काही क्षण टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती सरळ करत राहिल्या. "मला अर्धशिशी होती," त्या म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा फार वाईट. भांडं पडलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. पहिल्याच महिन्यात हे एकदा असेच मोठ्यानं हसले आणि मी डोकं धरून खाली बसले. तेव्हापासून हे घरात गप्प झाले. पुढे शलाका झाल्यावर दुखणं कमी होत गेलं, मग थांबलंच. पण यांना गप्प राहायची सवय झाली होती, आणि मला वाटत राहिलं की माणूसच अबोल आहे. शाळेत मी पाचशे पोरांना 'बोला, बोला' म्हणायची. यांना कधी म्हटलं नाही." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "इतकी वर्षं मी शांत माणसाशी संसार केला. आता मला जरा बोलका मिळू दे की गं."

शलाका आईकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं आणि लगेच डोळेही भरून आले.

"आणि मला घरातले बाबा कोण सांगणार?" तिनं विचारलं.

"मी सांगेन ना. मला ते पाठ आहेत," वहिनी म्हणाल्या. "तू येत जा म्हणजे झालं."

असं ठरलं. म्हणजे ज्या दोन ओळी मी तीस वर्षं खिशात घेऊन फिरत होतो त्या उलट्या दिशेनं लिहायच्या होत्या. माझं दार बंद करून सगळ्यांना दिगंबरच्या दाराकडे पाठवायचं होतं. जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. ओळी लिहून झाल्यावर बोट थांबलं.

"कायमची ना?" वहिनींनी विचारलं.

"कायमचीच. तात्पुरती करता येते, पण बोलकर ती जमेस धरत नाही. आणि वहिनी, मऊ बोलणं किती उरेल ते मी सांगू शकत नाही. थोडं उरेल, कदाचित उरणारही नाही."

"करा," त्या म्हणाल्या. मी बटण दाबलं.

बोलकरला सगळं नव्यानं वाचायला वेळ लागतो. तेवढे दिवस दोन्ही आवाज बंद होते. वहिनी सकाळी सवयीनं टॅब उघडत आणि मिटून ठेवत, असं शलाका मला फोनवर सांगायची. ती त्या दिवसांत आईकडेच राहायला आली होती. मला मात्र रोज वाटायचं, आपण दिगंबरला दुसऱ्यांदा घालवलं.

एका सकाळी शलाकाचा फोन आला, "काका, आवाज परत आलाय म्हणून दिसतंय. आई म्हणते, तुम्ही आल्याशिवाय बोलणार नाही."

मी पोचलो तेव्हा वहिनी खुर्चीत ताठ बसल्या होत्या, शाळेत तपासणीला साहेब येणार असल्यासारख्या. त्यांनी घसा साफ केला.

"अहो, मी मंदा. माझं डोकं आता दुखत नाही. तुम्ही मोठ्यानं बोललात तरी चालेल."

टॅबमधून काहीच आलं नाही. अशी दोन वाक्यं त्या यंत्राला दिगंबरच्या लिखाणात कुठेच मिळाली नसणार. शलाकानं माझं मनगट धरलं.

"अगं, मग आधी सांगायचं नाही का, मंदा!" दिगंबर म्हणाला, आणि हसला. हसू दुकानातलं होतं. 'मंदा' मात्र घरातलं होतं, तसंच्या तसं, खालच्या पट्टीत.

मला माहीत आहे, ते यंत्र होतं. अर्धशिशी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, आकड्यांनी आकडा ओढून आणला होता. फोरम बांधणाऱ्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नाही. तरी माझा चष्मा ओला झाला आणि शेजारी वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या की रडत होत्या ते मला नीट दिसलं नाही. मग त्यांनी डोळे पुसले आणि रोजचा प्रश्न विचारला.

"आज भाजी काय करू?"

"तुला सोपं पडेल ते कर. फक्त त्या कणशाला जेवायला थांबवू नकोस. डब्ल्यू खाऊन पोट भरलेलं असतं त्याचं!"

मी जेवूनच निघालो. मागे शलाका आईला विचारत होती, "बाबा घरी आल्यावर आधी काय करायचे?" आणि वहिनी सांगत होत्या की आधी हात धुवायचे, रॉकेलनं, मग साबणानं, आणि तरीही वास जायचा नाही.

घरी आल्यावर मी कॉम्प्युटर लावला आणि जुन्या सवयीनं पत्ता टाकला, तिरकीस्कूटर डॉट इन. बटण दाबलं. फोरम उघडलं आणि पत्त्याच्या पुढे तीन डब्ल्यू आपोआप येऊन बसले. बदली केली की असंच होणार, हे मी दोन पिढ्यांच्या पोरांना शिकवलेलं आहे. तरी मी ते तिन्ही डब्ल्यू खोडले आणि पुन्हा बटण दाबलं. ते परत आले.

"बरं बाबा, जिंकलास," मी मोठ्यानं म्हटलं.

आणि पुन्हा खोडले. पुन्हा आले. चहा निवून गेला, पण ती सगळी संध्याकाळ आमचं हेच चाललं होतं. दिगंबर गेल्यापासून मला इतकं मनासारखं भांडायला मिळालं नव्हतं.